डंकानं खाल्लेले शब्द

लालबागपासून पार वरळीपर्यंत माझ्याएवढी गाणी तोंडपाठ असलेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. त्यातलं एकही बरोबर नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

दोष माझा नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण अर्धा माझाच आहे. उरलेला अर्धा इंदूमावशीचा, आणि तिला दोष द्यायची हिंमत आमच्या मसाला गल्लीत कुणाची नव्हती. मालकाचीसुद्धा नव्हती.

मी डंकावर होतो, अजून आहे. डंक म्हणजे मसाला कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं ओळीनं उभी. मोटर चालू केली की एक वर जातं, एक खाली आदळतं, आणि उखळातली मिरची कुटली जाते. त्याला अक्कल लागत नाही, म्हणून मला ठेवला. शाळा मी चौथीत सोडली. शाळेतल्या बाईंचं म्हणणं, शाळेनं मला सोडलं. मावशी भट्टीवर होती. गिऱ्हाईक मिरची, धने, खोबरं, दगडफूल काय ते निवडून आणून द्यायचं. मावशी एकेक जिन्नस मोठ्या कढईत भाजायची आणि मग सगळं माझ्याकडे यायचं. म्हणजे अक्कल तिकडे आणि आवाज इकडे, अशी आमची वाटणी.

रेडिओ मालकाच्या डोक्यावर फळीवर. रेडिओ आणि मावशीच्या मधोमध मी आणि माझा डंक. त्यामुळे गाणं मावशीपर्यंत पोचायचं ते तुकड्यातुकड्यांनी. चार शब्द यायचे, पाचवा डंकाखाली. दुसरी कुणी असती तर ऊं-ऊं करून वेळ मारून नेली असती. पण मावशीला ऊं-ऊं करणारी माणसं आवडायची नाहीत.

"भोक ठेवू नये," म्हणायची. "शब्द गेला तर गेला. हाताशी असेल तो टाकावा. घरात कोथिंबीर नसली तर आपण आमटी रद्द करतो काय?"

तिच्या हाताशी काय असायचं? मसाला.

एक हिंदी गाणं लागायचं. त्यातला माणूस म्हणतो, 'सुनो राही, जरा ठहर'. मावशी गायची, 'सुनो राई, जिरा ठहर'. आणि मला ते शंभर टक्के पटायचं. मोहरी आधी तडतडते, जिरं मागाहून टाकायचं, नाहीतर करपतं. कुणीतरी स्वयंपाक जाणणाऱ्यानं लिहिलेलं गाणं आहे, असं मी धरून चाललो होतो. एकदा दादरच्या एक बाई मसाला भाजून घ्यायला आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो मावशी, राही म्हणजे वाटसरू."

मावशी झारा न थांबवता म्हणाली, "वाटसरू थांबला तर थांबला, गेला तर गेला. जिरं थांबायला पाहिजे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मावशीच्या बाजूनं मान हलवली. मला खरंच वाटत होतं की या बाईंना फोडणी येत नाही.

मावशी मूळची कुडाळकडची. राहायची परळला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा लवकर गेला होता, मुलगी पाळण्यात असताना. त्याबद्दल ती बोलायची नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलायची. तोंडाला पंचा बांधलेला असायचा, त्यातूनही शिव्या स्वच्छ ऐकू यायच्या. चिडली की मालवणीत जायची, आणि माझ्यावर दिवसातून दोनदा तरी मालवणीत जायची. "तुका काय कळता मेल्या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पोस्टमननं त्या नावानं हाक मारली असती तरी मी ओ दिली असती.

लोक विचारतात, डंक काय दर वेळी त्याच शब्दावर पडायचा? नाही पडायचा. पण पहिल्यांदा पडला तेवढाच पुरायचा. मावशीनं एकदा गाणं धरलं की पुढे ती रेडिओचं ऐकायची नाही. रेडिओवर आवाज चढवून गायची. रेडिओ चुकतोय असं तिचं मत असायचं. आणि मी तिच्या शेजारी, त्यामुळे मला रेडिओ ऐकूच यायचा नाही, मावशीच यायची. माझ्या डोक्यातली सगळी गाणी ही अशी, मावशीच्या कढईतून आलेली.

एका गाण्यात कुणी बाई 'वाटेवर ती उभी एकटी' असते. आमच्याकडे ती 'वाटीभर ती उभी एकटी' होती. मी एकदा विचारलं होतं, "मावशी, वाटीभर म्हणजे बाई केवढी गं?"

"लहान चणीची असेल. तुझी बायको नाही का."

हे मी कौतुकानं घरी जाऊन सांगितलं. त्या दिवशी मला भातही वाटीभरच मिळाला.

तर चाळिशीनंतरची गोष्ट. आमच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा, संध्याकाळी कराओके. माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेऊन, डोळे मिटून, 'वाटीभर ती उभी एकटी' सुरू केलं. समोर हशा. मला वाटलं आपण लोकांना जिंकलं. परत तीच ओळ घेतली, हात करून वाटी दाखवली. पोरं खुर्च्यांवरून खाली आली. वन्स मोअर मिळाला, तोही मी दिला. मग राई-जिरा पण दिलं. खाली उतरल्यावर माझ्या मेव्हण्यानं मोबाईलवर खरे शब्द काढून दाखवले, आणि माझ्या बायकोनं अख्ख्या चाळीसमोर असा चेहरा केला की आपण शेजारच्या घरातल्या आहोत.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटलं, "तू मला चाळीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस. सगळी गाणी चुकीची निघाली."

"लोक हसले काय?"

"हसले म्हणजे? लोळले."

"मग बरोबर गाऊन कधी लोळले होते?"

मी डंक चालू केला. पण घरी जाऊन मी एकेक गाणं तपासलं. सगळी गेली. फक्त एकावर मला शंका आली नाही. कारण ते गाणं दप्तर पाठीला लावून रोज आमच्या दुकानासमोरून शाळेत जायचं.

मावशीच्या मुलीचं नाव सरलिका.

ती पोटात होती तेव्हाची गोष्ट. रेडिओवर एक गाणं लागलं होतं. फार लागायचं नाही ते. बाई गायची, 'सांग साजणी...' आणि मग डंक. मग '...सरलिका'. म्हणजे साजणीचं नाव सरलिका. त्या एका जागी मावशी दुसरा शब्द टाकायची नाही. थांबायची. मी विचारलं, इथे भोक कसं चालतं तुला. तर म्हणाली, "इथे ती बाई श्वास घेते. नाव घ्यायच्या आधी माणूस थांबतो."

मुलगी झाली. बारशाला सासरच्यांनी नाव काढून ठेवलं होतं, सासूचं. मावशीनं पाळण्यात वाकून मुलीच्या कानात 'सरलिका' सांगितलं आणि विषय संपवला. शाळेत घालायला गेली तर क्लार्क म्हणाला, असं नाव नसतं, सरला लिहितो. मावशीनं तिथे उभं राहून अख्खं गाणं म्हटलं. मी तिच्याबरोबर होतो. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा क्लार्कनं सरलिका लिहून टाकलं. नाव पटलं म्हणून नाही, तिसरं कडवं येऊ नये म्हणून.

ह्या नावासाठी ती एवढी का भांडते, हे तिनं मला एकदाच सांगितलं, धने भाजताना. मावशीचं माहेरचं नाव वेगळंच होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, तसं तिचं इंदू झालं.

"मला कुणी विचारलं नाही," म्हणाली. "आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात केला. मी पण खाल्ला. भूक लागली होती." थोड्या वेळानं म्हणाली, "हिचं नाव कोण बदलत नाही. हिला मी दुसरं काय दिलंय?"

सरलिका हुशार निघाली. शिकली, लोअर परळला ऑफिसात लागली. त्या ऑफिसात निखिल. गिरगावातलं जुनं घर, सगळे शिकलेले, बोलणं पुस्तकासारखं. ती माणसं मावशीकडे आली तेव्हा मुलीकडचा पुरुष माणूस म्हणून मावशीनं मला बसवलं होतं. काही बोलायचं नाही, या अटीवर.

निखिलच्या आई चांगल्या होत्या, पण सरळ विचारणाऱ्या. "नाव वेगळंच आहे हो. अर्थ काय?"

"गाण्यातलं आहे," मावशी म्हणाली. "साजणीचं नाव आहे."

"आमच्याकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत आहे. माझंही बदललं." मग त्यांनी सरलिकाकडे बघितलं. सरलिका म्हणाली, "मला नाही बदलायचं. जगात एकटीचं आहे हे नाव माझं. जुन्या गाण्यातलं आहे."

बाई म्हणाल्या, "खरंच जुन्या गाण्यातलं असेल तर राहू दे. अर्थ असलेलं नाव मी कशाला बदलू? ते गाणं मात्र ऐकायला आवडेल एकदा."

मी म्हणालो, "मावशी म्हणून दाखवेल की."

मावशीनं पदराआडून मला चिमटा काढला. खूण महिनाभर होती.

आता निखिल हा मनानं गोड मुलगा. त्यानं ते मनावर घेतलं. कुठून कुठून लोकांना विचारत गिरगावात कुणा जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या माणसाकडे पोचला आणि गाणं मोबाईलवर घेऊन आला. लग्नात तांदळात नाव लिहिताना लावायचं, सगळ्यांना सरप्राइज. पण हेच ते गाणं ना, एवढी खात्री करायला तो माझ्याकडे दुकानात आला. जेवणाची वेळ होती, डंक बंद होता, मावशी घरी गेली होती. त्यानं माझ्या कानात ते इअरफोनचं बोंडूक घातलं.

ते गाणं मी पहिल्यांदाच डंकाशिवाय ऐकत होतो. किती व्हायोलिनं होती त्यात, मला पत्ताच नव्हता. मग बाई गायला लागली. 'सांग साजणी, रात सरली का.'

मी परत लावायला सांगितलं. रात सरली का. रात्र संपली का, असं विचारते आहे. त्यात कुणाचं नाव नाही. डंकानं 'रात' खाल्ली होती, आणि उरलं ते मावशीनं जोडून घेतलं होतं. दुकानात आम्ही दिवसभर हाच शब्द एकमेकांना विचारतो. मिरची सरली का, धने सरले का. म्हणजे मुलगी हाक मारली की ओ देत होती, आणि आम्ही तिला विचारत होतो, संपलीस का.

"हेच ना, काका?" निखिल म्हणाला. "रात-सरलिका. रात्रीलाच सरलिका म्हटलंय. काय पोएटिक आहे ना."

मी त्याच्याकडे बघितलं. प्रेमात पडलेल्या माणसाला डंकाची पण गरज लागत नाही.

"हे नाही ते," मी म्हणालो.

"पण शब्द तर आहे त्यात."

"चाल वेगळी होती."

"तुम्ही आत्ता मान डोलवत होता की."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पटकन येत नाही. तो खूश होऊन गेला.

मावशी आल्यावर मी तिला सांगितलं. तेव्हा कढईत खसखस होती, ती एक क्षण दुर्लक्ष केलं तर जाते. मावशी हलवत राहिली.

"तुझे कान डंकाखाली गेलेत. तुला काय ऐकू येणार?"

"कानात घालून ऐकलं, मावशी. तीनदा. तिथे श्वास नाही घेत ती. रात म्हणते."

खसखस तिनं वेळेवर उतरवली. पंचा सोडला, परत बांधला. "तिच्या सासूला मराठी चांगलं कळतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला सांगू नको. तिला वाटतं, जगात कुणीतरी तिच्या नावाचं गाणं केलंय."

"मग निखिलला सांगतो, लावू नको म्हणून."

"काय कारण सांगशील?"

कारण मला सुचलं नाही. मग एकदम सुचलं, आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की तेव्हाच कुणीतरी मला थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, "रात डंकानं खाल्ली ना? परत खाऊ दे. त्या एका शब्दावर मी काहीतरी जोरात वाजवतो. लोकांना ऐकू येईल ते, सांग साजणी, सरलिका."

मावशीनं एकदा दुकानभर नजर फिरवली. तिला दुसरा कुणी दिसत नव्हता, म्हणून म्हणाली, "बघ."

लग्न परळलाच एका हॉलमध्ये. मी आचाऱ्याकडून मोठ्या टोपाचं झाकण आणि लोखंडी झारा मागून घेतला. त्याला वाटलं मी मदत करणार. स्टेजच्या पडद्यामागे उभा राहिलो. मधल्या दिवसांत निखिलकडून गाणं मोबाईलवर मागून घेऊन सराव केला होता मी. घरी ताट वाजवून वाजवून बायको माहेरी जायच्या गोष्टी करायला लागली होती. दर वेळी बरोबर 'रात'वर पडत होतं. आयुष्यभर ठोकण्याचंच काम केलेला माणूस मी, एक ठोका चुकणार आहे थोडाच.

अक्षता झाल्या. ताट आलं, तांदूळ पसरला. निखिलनं अंगठी हातात घेतली आणि स्पीकरवाल्याला खूण केली. व्हायोलिनं सुरू झाली. फटीतून मला मावशी दिसत होती, पहिल्या रांगेत, हिरव्या साडीत, हात मांडीवर घट्ट. शेजारी निखिलच्या आई, मान वाकडी करून ऐकत.

हॉलमध्ये स्पीकर होते चार. पुढचा आवाज एक, मागचा घुमून येणारा दुसरा. मोबाईलवर एकच बाई गात होती, इथे दोन गायला लागल्या. मी मागच्या बाईला धरलं का पुढच्या, देव जाणे. हात उचलला आणि जीव खाऊन हाणला.

तो पडला 'साजणी'वर.

असा आवाज त्या हॉलमध्ये कधी झाला नसेल. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. लहान मुलं रडायची थांबली. भटजींचं पुस्तक पडलं. अख्खा हॉल चिडीचूप झाला, आणि त्या शांततेत, एकेक अक्षर सुटं सुटं करून, बाई गायली, 'रात सरली का.'

ध्रुवपद होतं ते. तिनं परत म्हटलं. मी परत हाणलं, आणि ते ओळ संपल्यावर पडलं.

कुणीतरी गाणं बंद केलं. निखिलच्या आई हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू आलं, "अगंबाई, प्रश्न आहे होय." मागच्या रांगांत हसू फुटलं.

सरलिका हसली नाही. तिनं स्टेजवरून आईकडे बघितलं. "आई, हे नाव नाहीये?"

मावशी उभी राहिली. मला वाटलं आता मालवणीत जाईल. पण ती नीट, हळू बोलली. "मला तेवढंच ऐकू आलं गं. मधलं डंकानं खाल्लं."

निखिल अंगठी धरून तसाच वाकलेला. ताटात अजून काही उमटलं नव्हतं. त्यानं एकदा स्वतःच्या आईकडे बघितलं, एकदा सरलिकाकडे.

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

सरलिकानं ताटातले तांदूळ बोटानं सपाट केले. मग म्हणाली, "आईला जे ऐकू आलं ते लिही."

सगळे निखिलच्या आईंकडे बघायला लागले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला. "लिही बाबा," त्या म्हणाल्या. "जेवणं खोळंबलीत. माझं बदललं तेव्हा तरी कुणी अर्थ सांगितला होता."

त्यानं लिहिलं. 'लि'ची वेलांटी जरा मोठी आली, पण नाव पुरतं आलं.

मावशीनं नंतर दुकान सोडलं. आता ती गावी असते, तिच्या जागी भाजायचं यंत्र आलंय. त्याला गाणी येत नाहीत, त्यामुळे माझी गाणी वाढायची थांबली. मला ती आठवते ती लग्नाच्या दिवशीची, पंगती उठल्यावर. सगळे फोटोत होते. ती एकटी त्या ताटापाशी आली. नाव मोडू नये म्हणून कडेकडेचे तांदूळ चिमटीनं उचलून तिनं पदराच्या टोकात बांधले. मी झाकण हातात घेऊन तिथेच उभा होतो. काहीतरी बोलायला पाहिजे, म्हणून म्हटलं, "मावशी, थोडक्यात चुकलं गं."

तिनं गाठ घट्ट केली आणि माझ्याकडे बघितलं.

"जन्मभर नको तिथे ठोकत आलास मेल्या. आज एकदाच पाहिजे तिथे ठोकायचं होतं, ते पण जमलं नाही तुला. झाकण आचाऱ्याला देऊन ये जा."